तक्रार क्रमांक सात

१

बाईने पायरीवर बसूनच घडी घातलेला कागद पुढे केला. तो कागद आपणच लिहिलेला आहे, हे चिंतामणराव मोघ्यांनी दुरूनच ओळखले. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे विद्युत अभियांत्रिकी शिकवलेल्या माणसाचे अक्षर ते, आराखड्यावर काढावे तसे सरळ आणि सुटे.

"ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?" बाईने विचारले.

"हो. आपण?"

"भामाबाई. आटपाडीची. मल्हारची आय."

चिंतामणरावांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला. १९९७ सालचा तो फेब्रुवारी. एकोणीस वर्षांच्या मल्हारला जाऊन तीन आठवडे झाले होते. साताऱ्याहून परत जाताना मायणीच्या अलीकडे वडापची जीप उलटली आणि मागे लटकलेल्यांपैकी तो एकटाच गेला. ही बातमी चिंतामणरावांनी वर्तमानपत्रात चार ओळींत वाचली होती. तो साताऱ्याला कोणाकडे आला होता हे बातमीत नव्हते. ते आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नसेल, असे चिंतामणरावांना वाटत होते.

"आत या ना बाई."

"न्हाई. हितंच बरं हाय. त्योबी हितंच बसला हुता, तुमच्या शेजारची म्हनत्यात." तिने कागद उलगडला. "वाचता येत न्हाई मला. पर आमच्या गावात नानासोच्या फोनच्या बूथच्या काचंवर ह्यो कागद तुमच्या मंडळानं लावाय लावला. येणारा जाणारा वाचतोय. माझ्या लेकाचं नाव, आनि म्होरं चोर."

"चोर असा शब्द नाही लिहिलेला."

"मंग काय लिवलंय?"

चिंतामणरावांनी वाचून दाखवले, कारण न वाचणे त्याहून वाईट झाले असते. ‘खेळाडू मल्हार याने उपान्त्य फेरीत संगणकीय यंत्राचे साहाय्य घेतल्याचे समितीस आढळून आले असून त्यास स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे.’ खाली तीन सह्या. पहिली त्यांची.

"त्योच की मंग," भामाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हते. "ल्योक तर तुमी द्यायचा न्हाई. त्यो चोर हुता का न्हवता, येवढंच सांगा मास्तर. हुता आसंल तर हुता म्हना. म्या गप बशीन."

२

मंडळ सांगलीचे. बुद्धिबळ हे त्या शहराचे जुने वेड. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने टेलिफोनच्या तारेवरून खेळायचे ठरवले. सांगलीत एक संगणक ‘बुलेटिन बोर्ड’ म्हणून ठेवला. सातारा, पाचगणी, तासगाव, आटपाडी इथून मोडेम लावून त्याला जोडायचे, आपली चाल टंकायची, समोरच्याची वाट पाहायची. समोरचा माणूस दिसत नाही. त्याच्या टेबलावर आणखी काय काय आहे, तेही दिसत नाही.

म्हणून मंडळाच्या तीन जणांच्या समितीचे प्रमुख या नात्याने चिंतामणरावांनी पत्रक काढले, ‘फसवणूक ओळखा, कळवा’. त्यात चार खुणा सांगितल्या होत्या. चाल सोपी असो वा अवघड, वेळ सारखाच लागणे. अनोळखी खेळाडूने एकाएकी झेप घेणे. पुस्तकात न सापडणाऱ्या चाली करणे. आणि शेवटी, बुद्धिबळाच्या यंत्राशी, म्हणजे संगणकावरच्या त्या प्रणालीशी, चाली ताडून पाहणे. साताऱ्यात, सांगलीत, पाचगणीत त्यांनी वर्ग घेतले. नमुन्याचे डाव फळ्यावर मांडून ‘यात यंत्र कुठे दिसते?’ असे विचारले. तक्रारदार निर्भय राहावा म्हणून त्याचे नाव बोर्डानेच पुसावे आणि समितीकडे फक्त क्रमांक यावा, अशी व्यवस्था केली. ती व्यवस्था निर्दोष आहे याचा त्यांना अभिमान होता.

सांगलीच्या वर्गात मागच्या बाकावरून एकाने हात वर केला होता. रापलेला, काटक, शर्टाचे वरचे बटण लावलेला. "सर, खोटी तक्रार कशी वळखायची?"

"खोटी तक्रार करून कोणाला काय मिळणार आहे?" असे चिंतामणराव म्हणाले, आणि वर्ग हसला. तो मल्हार.

तक्रार क्रमांक सात आली तेव्हा समितीला निर्णयाला पंधरा मिनिटे लागली. सांगलीत शिकवणी आणि वसतिगृहातली जागा देणाऱ्या अंतिम फेरीतून मल्हार बाद झाला. त्याला विचारले कोणीच नाही, कारण पत्रकात तसे कलमच नव्हते. तो साताऱ्याला येऊन पायरीवर तास-दीड तास बसला. समितीच्या सदस्याने आरोपीला खासगीत भेटू नये, या नियमाने चिंतामणराव आतच राहिले. जाताना त्याने दाराखालून एक कागद सरकवला. तोही त्यांनी न वाचता लिफाफ्यात घालून, चिकटवून फाइलीत लावला.

आता भामाबाईसमोर त्यांनी तो लिफाफा फोडला. आत विनवणी नव्हती. पूर्ण डाव लिहिलेला होता, एक्केचाळीस चालींचा. सदतिसाव्या चालीभोवती वर्तुळ होते आणि खाली एकच ओळ.

‘ही चाल बघा सर. समजली न्हाई तर आज्याला इचारा.’

चिंतामणरावांनी मनातल्या मनात पट मांडला. सदतिसाव्या चालीला वजिराने दोन चालींत मात होती. ती उघड होती, शाळकरी पोरालाही दिसली असती. मल्हारने ती सोडली होती.

का सोडली?

३

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने आटपाडीला गेले. नानासोचा बूथ स्टँडसमोरच होता. काचेवर गोंदाचा चौकोनी डाग होता. कागद भामाबाईने स्वतः काढून नेला होता.

"आवं सर, माझ्या डोळ्यांदेखत ख्येळायचा पोरगा," नानासो म्हणाला. "एक काँप्युटर, एक फोन. बगलंला कोन न्हाई. आनि खिशात तर काय, तंबाकूची पुडीसुदीक न्हाई."

"प्रत्येक चालीला बरोबर दोन मिनिटे लागत होती त्याला. सोप्या चालीलाही. ते का?"

"त्ये व्हय?" नानासो खिन्न हसला. "डोळं मिटून वठ हलवायचा. मी म्हनायचो, गड्या, जप करतूयास का रं? त्यो म्हनायचा, आज्याला इचार."

पुन्हा तेच.

आजा नाथाजी घरासमोरच्या लिंबाखाली घोंगड्यावर बसला होता. उभा जन्म मेंढरांमागे कोकण ते माणदेश चाललेला माणूस, आता गुडघ्यांनी बसवलेला. समोर कापडाचा पट होता, उन्हापावसाने विटलेला. त्यावर सोंगट्या मांडलेल्या होत्या आणि समोर कोणी नव्हते.

"मीच शिकीवला त्येला," म्हातारा म्हणाला. "आमच्या वाड्यावर, रानातल्या तळावर, दुपारच्याला मेंढरं बसली की आमी पट टाकायचो. पोरगं उतावळं हुतं. हात लगीच सोंगटीवर. म्या सांगितलं, चाल सुचली की सा इसा मोजायच्या, मंग हात लावायचा. सोप्पी आसंना का."

"सहा विसा? म्हणजे एकशे वीस?"

"मेंढरं इसानंच मोजत्यात. धा मोजली तर चुकत्यात."

एकशे वीस आकडे, म्हणजे दोन मिनिटे. पत्रकातली पहिली खूण चिंतामणरावांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात.

त्यांनी कागद काढून सदतिसावी चाल पटावर मांडली. नाथाजीने सोंगट्यांवर नुसती नजर फिरवली.

"वजिरानं मात हाय की दोन चालीत."

"ती त्याने केली नाही. दोनऐवजी पाच चाली घेतल्या आणि शेवटी..."

"प्याद्यानं क्येली," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पडला. "त्या दिशी पळत आला हुता. लांबूनच वरडला, आज्या, प्याद्यानं! आवं, वजिरानं कोनबी मारतंय. आमच्यात प्याद्यानं मात करनारा खरा ख्येळगडी. म्या त्येला म्हनलं हुतं, भायेरच्या मानसाबर प्याद्यानं जितशील तवा तुला माझा पट दीन."

चिंतामणरावांनी कागदाची घडी घातली. यंत्राला मान कळत नाही. जवळची मात सोडून लांबची घेणारे यंत्र कोणी बनवलेले नाही. मल्हारची निर्दोषता तीन आठवडे त्यांच्याच फाइलीत पडून होती.

भामाबाई दारातून बघत होती. "झालं का मास्तर? न्हवता न्हवं?"

"नव्हता," ते म्हणाले. मग त्यांना जाणवले की हे उत्तर अर्धेच आहे. "बाई, हे मला कागदावर लिहून, सही करून द्यायचे आहे. पण त्याआधी हे कोणी केले ते मला कळले पाहिजे."

४

नाव बोर्डाने पुसले होते, परंतु तक्रार शिल्लक होती. सांगलीला शरयूकडे तिची छापील प्रत होती. शरयू त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी, बोर्डाचा संगणक तीच सांभाळी.

"सर, तो डाव चालू असताना बोर्डावर मल्हार सोडून तिघेच होतो," ती म्हणाली. "मल्हारचे प्रतिस्पर्धी सुमंत, आणि साक्षी म्हणून पाचगणीचा अनीश आणि मी. इतर कोणाला चाली दिसतच नव्हत्या. म्हणजे सात नंबर आमच्या तिघांपैकीच कोणीतरी. माझ्यावरही संशय घ्या, मी रागावणार नाही."

"घेणारच आहे. वेळा सांग."

"डाव संपला पाच पंचेचाळीसला. तक्रार आली पाच सत्तावन्नला."

चिंतामणरावांनी तक्रार समोर धरली. तिच्यात एक तक्ता होता. मल्हारच्या पहिल्या छत्तीस चाली आणि प्रत्येकीपुढे यंत्राची चाल. खाली लिहिले होते, ‘यंत्रास प्रत्येक चालीस दोन मिनिटे दिली. बावीस चाली जुळतात. उरलेल्या यंत्राहूनही सरस आहेत, अर्थात खेळाडूकडे याहून प्रबळ यंत्र असावे.’ त्या दिवशी या वाक्याला त्यांनी मान डोलावली होती. आज त्यांनी पेन्सिल घेतली.

"शरयू, छत्तीस चाली, दोन-दोन मिनिटे. किती?"

"बहात्तर मिनिटे."

"आणि डाव संपल्यापासून तक्रारीपर्यंत?"

"बारा..." ती थांबली. "सर, हा तक्ता नुसता टंकायलाच दहा मिनिटे लागतील."

"म्हणजे यंत्र डावानंतर लावलेले नाही. ते डावाबरोबरच चालू होते."

 शरयू स्वतःच म्हणाली, "माझा संगणक बोर्ड चालवत होता. तो एका वेळी एकच काम करतो, हे तुम्हीच मला शिकवलंय."

"म्हणून तू नाहीस. अनीशला फोन लाव."

अनीश पाचगणीच्या एका शाळेत गणित शिकवी. जिभेने तिखट माणूस. "अहो सर, मल्हारने मला दोनदा धुतलं होतं. तक्रार करायची तर मी पहिल्याच वेळी केली असती! आणि त्या रविवारी आमच्याकडे लाइट गेली ती संध्याकाळी साडेसातला आली. निम्मा डाव पाहिलाच नाही मी."

शरयूने नोंद काढली. चार छत्तीसला, चोविसाव्या चालीनंतर पाचगणीची जोडणी तुटली होती. ती पुन्हा जोडली गेली नव्हती. तक्त्यात मात्र छत्तीस चाली होत्या.

उरला एकच.

"सुमंत?" शरयू हळू म्हणाली. "पण पत्रक तर त्यांनीच तुमच्याबरोबर..."

चिंतामणरावांनी पेन्सिल खाली ठेवली. सुमंत त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. पत्रकातली चौथी खूण त्यानेच सुचवली होती.

५

तरीही ते पद्धत सोडणारे नव्हते. जुन्या तंत्रनिकेतनात बसून त्यांनी दोन दिवस तीच प्रणाली चालवली. या वेळी मल्हारच्या नव्हे, सुमंतच्या चाली ताडल्या, प्रत्येकीला दोन मिनिटे. पहिल्या छत्तीसपैकी तेहेतीस जुळल्या. यंत्राहून सरस त्यांत एकही नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते साताऱ्यातच, राजवाड्याजवळच्या सुमंतच्या घरी गेले. टेबलावर दोन संगणक शेजारी-शेजारी होते. सुमंतने खुर्ची पुढे केली. तिच्यात न बसता त्यांनी दोन्ही तक्ते टेबलावर ठेवले.

सुमंतने ते पाहिले. तो हुशार होता, समजावून सांगावे लागले नाही.

"वेळा मात्र तू कमी-जास्त ठेवल्यास," चिंतामणराव म्हणाले. "सोप्या चालीला अर्धे मिनिट, अवघड चालीला चार. पहिली खूण चुकवलीस. ती कुठे शिकलास?"

"तुमच्या वर्गात, सर."

 

"जागेसाठी केलंस? तुला वसतिगृहाची काय गरज होती?"

"नाही सर. जागेचा विचारही नव्हता." सुमंतने चेहऱ्यावरून हात फिरवला. "सुरुवातीला गंमत म्हणून लावलं होतं मी यंत्र. मग सवय लागली. कोणाकडूनच हरेना. आणि एका रविवारी आटपाडीच्या बूथमधून कोणीतरी मला हरवतो. मला नाही सर, यंत्राला! मी विचार केला, यंत्र हरलं म्हणजे समोर त्याहून मोठं यंत्रच असणार. माणूस असूच शकत नाही. आटपाडीत तर नाहीच नाही. खरं सांगतो, मला मनापासून तसंच वाटलं."

"मग शेवटच्या पाच चाली तक्त्यात का नाहीत?"

सुमंतची मान खाली गेली.

"सदतिसाव्या चालीला तुझ्या पडद्यावर वजिराची मात दिसत होती," चिंतामणराव म्हणाले. "त्याने ती केली नाही. त्या क्षणी तुला कळलं होतं की समोर माणूस आहे."

"मला वाटलं, तो मला खेळवतोय. प्याद्यानं मारून हिणवतोय." त्याने तक्ते दूर सारले. "त्या पाच चालींत मी फार अपमान सोसला सर."

"तो हिणवत नव्हता. त्याच्या आज्याने त्याला पट द्यायचे कबूल केले होते."

सुमंत रडू लागला. चिंतामणरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. काढता पाय घेतला असेही नाही. ते उभे राहिले, कारण अपराधाच्या हिशेबात आपली जागा याच्या शेजारीच आहे, हे त्यांना कळत होते. खोटी तक्रार कशी ओळखायची, हे मल्हारने त्यांना विचारले होते, आणि त्यांनी वर्ग हसवला होता.

"कागद घे," ते अखेर म्हणाले. "लिही. आणि आटपाडीला माझ्याबरोबर यायचे."

"मला नाही जमणार सर."

"मलाही जमत नाही. तरी एस.टी. सकाळी सातची आहे."

६

सकाळी सातच्या एस.टी.ला सुमंत आला नाही. त्याचे सही केलेले पत्र मात्र पहाटे दाराखालून सरकवलेले सापडले, अगदी त्याच फटीतून.

आटपाडीच्या स्टँडसमोर त्या दिवशी बाजार होता. नानासोच्या बूथपुढे माणसे जमली. चिंतामणरावांनी आधी सुमंतचे पत्र वाचले, मग स्वतःचे. ‘मल्हार याने कोणत्याही यंत्राचे साहाय्य घेतले नव्हते. यंत्र त्याच्यासमोर होते आणि त्याने ते हरवले. समितीने त्यास न विचारता दोषी ठरवले. या चुकीचा पहिला जबाबदार खाली सही करणारा आहे.’ मोठ्याने वाचायचा सराव होता, तरी शेवटच्या वाक्याला त्यांना थांबावे लागले.

नानासोने ते पत्र काचेवर, गोंदाच्या जुन्या डागावरच चिकटवले.

भामाबाई पुढे आली. अक्षरांवरून तिने बोट फिरवले. "ह्यात त्याचं नाव कुठं हाय?"

त्यांनी दाखवले. तिने त्या जागी तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "तुमी दार उगडलं आसतं मास्तर," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तर त्येला येक वडाप उशीर झाला आसता."

  ती पदर सावरून बाजाराच्या गर्दीत निघून गेली.

निघण्यापूर्वी ते लिंबाखाली गेले. नाथाजी पटापाशीच होता. सोंगट्या सुरुवातीच्या जागी लावलेल्या होत्या.

"आता ह्यो पट कुनाला द्यायचा?" म्हाताऱ्याने विचारले. मग समोरची जागा हाताने झाडली. "बसा."

"मला तुमच्याइतके येत नाही."

"ठावं हाय. बसा."

चिंतामणराव धोतर सावरून घोंगड्यावर बसले. चाल त्यांना लगेच सुचली, नेहमीसारखीच. त्यांनी प्याद्याकडे हात नेला. म्हाताऱ्याने त्यांचे मनगट धरले, घट्ट.

"मोजा," तो म्हणाला.

चिंतामणरावांनी डोळे मिटले. पहिली वीस, दुसरी वीस. बाजाराचा गलका दूर कुठेतरी चालला होता. तिसऱ्या विसाला त्यांना पायरीवर बसलेला शर्टाचे वरचे बटण लावलेला पोरगा दिसला, आणि आकडा चुकला.

म्हाताऱ्याने मनगट सोडले नाही. "पयल्यापासनं," तो म्हणाला.